दुसऱ्याच्या नावाला ओ

३ फेब्रुवारी

ताई,

पाकिटावरचा पत्ता ऑफिसातल्या टायपिस्टकडून टाइप करून घेतला. माझं अक्षर दिसलं असतं तर तू हे न फोडताच कपाटावर टाकलं असतंस. आता फोडलंच आहेस, तर वाच.

काम एवढंच की आईच्या आजारपणाची फाइल मला हवी आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, औषधांचे कागद, असतील ते. घरातल्या माणसानं केलेल्या शुश्रूषेची नोंद कशी ठेवावी, यावर आमच्या अहवालात एक प्रकरण आहे, त्यासाठी. आपण तीन वर्षं बोललो नाही, त्याचा या पत्राशी काही संबंध नाही.

सध्या मी आरोग्य खात्यासाठी एका इमारतीत सर्वेक्षण करते आहे. सत्तरीपुढची, एकटी राहणारी माणसं. त्यांना शेजारपाजार किती सांभाळतो ते बघायचं. चार मजले, मधोमध जिना, दोन्ही बाजूंना लांब बोळ, आणि बोळात ओळीनं एकेका खोलीची घरं. अशी एकोणीस माणसं तिथे आहेत. प्रश्न बेचाळीस. पैकी चौदावा असा: ‘गेल्या सात दिवसांत तुम्हाला भेटायला कोण आलं?’

या प्रश्नाशी माणसं अडखळतात. कोणी छताकडे बघतं. एका आजोबांनी मागे एका वस्तीत मला सांगितलं होतं, “तुम्ही आलात की! लिहा तुमचंच नाव.” इथे मात्र कोणी अडखळलं नाही. अठरा जणांनी एकच उत्तर दिलं. “सिस्टर येते ना. रोज, तीन वाजता.”

मी आरोग्य केंद्रात विचारलं. तिथला मुख्य कारकून हसला. “त्या इमारतीत घरभेटीची परिचारिका जाऊन वीस वर्षं झाली, मॅडम. ती जागाच रद्द झाली.”

एकोणिसावी बाई तळमजल्यावर राहते. पूर्वी कपडे शिवायची. चार वर्षांत ती इमारतीच्या फाटकाबाहेर पडलेली नाही. तिनं मात्र सांगितलं, “कोणी नाही.”

“आणि सिस्टर?”

“माझ्याकडे नाही येत ती.” आणि तिनं दार लावून घेतलं.

एकटेपणात माणसं एकमेकांची कल्पना उसनी घेतात, असं मी माझ्या टिपणात लिहिलं आहे. तू म्हणशील, उंटावरून शेळ्या हाकणारीला आणखी काय सुचणार. फाइल पाठव.

धाकटी


९ फेब्रुवारी

ताई,

तुझं उत्तर नाही. हरकत नाही. मला हे कोणाला तरी सांगायचं आहे, आणि ऑफिसात सांगितलं तर मलाच रजेवर पाठवतील.

काल अडीच वाजता मी तिसऱ्या मजल्यावर एका निवृत्त कोर्ट कारकुनाच्या खोलीत जाऊन बसले. म्हातारा गमत्या आहे. “आयुष्यभर दुसऱ्यांच्या तारखा लावल्या, आता स्वतःची लागेना,” म्हणतो. गप्पा चालल्या होत्या. पावणेतीन झाले आणि तो बोलता बोलता उठला, दारापाशी गेला आणि त्यानं आतली कडी काढली. दार नुसतं लोटून ठेवलं आणि परत येऊन खुर्चीत ताठ बसला.

तेवढ्यात बाहेर, बोळात, आणखी एक कडी सरकली. मग आणखी एक. मग वरच्या मजल्यावर, मग खालच्या. भर दुपारी, कोणी कोणाशी न बोलता, साऱ्या इमारतीतल्या कड्या एकेक करून सरकत होत्या.

मग जिन्यात पावलं वाजली. एक पाऊल टेकत होतं, एक घासत होतं. टेक, घास. टेक, घास. प्रत्येक मजल्यावर थांबत, तासाभरानं ती पावलं आमच्या दारापर्यंत आली. दारावर तीन टकटका पडल्या.

ताई, ती भूत नव्हती. ऐंशीच्या पुढची बारीक अंगाची बाई होती. पांढरे कपडे, घडी जिथे पडते तिथे पिवळे झालेले. हातात कातडी पिशवी. उजवा पाय ओढत आत आली, माझ्याकडे बघितलंही नाही, आणि म्हणाली,

“काय मास्तर, हात काय म्हणतोय?”

“थरथरतोय, सिस्टर,” कारकून म्हणाला, आणि त्यानं डावा हात पुढे केला. तो खरंच थरथरत होता. तिनं तो दोन्ही हातांत घेऊन मनगटापासून बोटांपर्यंत चोळला. “पोरांच्या वह्या तपासायच्या राहिल्यात ना? राहू देत. आधी हात.” पिशवीतून एक गोळी काढून त्याच्या तळव्यावर ठेवली आणि निघून गेली.

मी विचारलं, “तुम्ही मास्तर कधी होतात?”

“कधीच नाही.”

“मग ती मास्तर का म्हणते?”

“तिला विचारा.”

“तुम्ही सांगत का नाही तिला?”

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच थोडी मंद आहे. “माझ्या खऱ्या नावानं हाक मारणारं शेवटचं माणूस सहा वर्षांपूर्वी गेलं. आता कोणी मास्तर म्हणतंय तर मी म्हणू, तो नव्हे मी? आणि मग बसू भिंतीकडे बघत?” मग हात मांडीखाली दाबून धरत हळूच म्हणाला, “एक मात्र आहे. दोन वर्षांपूर्वी ती पहिल्यांदा आली, तेव्हा हा हात थरथरत नव्हता.”

धाकटी


१९ फेब्रुवारी

ताई,

ती कोण हे शोधून काढलं. त्या इमारतीची ती जुनी परिचारिका. निवृत्त झाल्यावर समोरच्याच गल्लीत पुतण्याकडे राहते. आमच्या यादीतही तिची नोंद आहे: ‘स्मृतिभ्रंश, घराबाहेर पडत नाही.’ ही नोंद माझ्याच सहीची. पुतण्यानं सांगितलं ते मी लिहून घेतलं होतं. तो सकाळी कामावर जातो, संध्याकाळी येतो. आत्या दिवसभर घरीच असते, अशी त्याची खात्री. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

आरोग्य केंद्राच्या मागच्या खोलीत तिची घरभेटींची वही सापडली, चोवीस वर्षांपूर्वीची. तिसऱ्या मजल्यावरची ती खोली: शिक्षक, डाव्या हाताला कंप. पहिला मजला: पोस्टमन, चक्कर येते. त्या खोलीत आता एक ड्रायव्हरकाका राहतात. सिस्टर त्यांना पोस्टमन म्हणते, आणि आता त्यांनाही चक्कर येते. चौथा मजला: वहिनी, दृष्टी गेलेली. तिथे हल्ली विणकाम करणारी एक बाई आहे. ती डोळे मिटून विणते. डोळ्यांच्या डॉक्टरनं दोनदा तपासलं. डोळ्यांत दोष नाही. मी विचारलं, “मग उघडत का नाही?” म्हणाली, “उघडले तर ती माझा हात धरून खिडकीपाशी नेणार नाही.”

वहीतल्या प्रत्येक नावापुढे लाल शाईत एक तारीख आहे. ती सगळी माणसं गेलेली आहेत, ताई. सिस्टर रोज मेलेल्या माणसांना भेटायला येते, आणि जिवंत माणसं त्यांच्या जागी बसून ओ देतात.

आता जे लिहायचं आहे ते लिहिते. पत्र दोनदा फाडून झालंय.

परवा मी तिच्या मागोमाग फिरत होते. दुसऱ्या मजल्यावर कोपऱ्याच्या खोलीत एक आजी अंथरुणाला खिळून आहे. सिस्टर तिला ‘माई’ म्हणते. उशी सरळ करता करता सिस्टर थांबली. इतक्या दिवसांत तिनं पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली,

“आलीस धाकटे? किती वाट पाहिली गं तिनं.”

वहीत नंतर पाहिलं: ‘माई, दोन मुली. थोरली जवळ. धाकटी येत नाही.’ कोणाची तरी धाकटी. माझा काय संबंध? पण त्या क्षणी अंथरुणातली आजीसुद्धा माझ्याकडे बघत होती, आणि तिनं हात वर केला होता. मी तिच्यापाशी बसले. म्हणाले, “हो. आले.”

वीस मिनिटं मी कोणाच्या तरी आईचा हात धरून बसले. मला कोणी फसवलं नाही, आणि मीही कोणाला फसवत होते असं वाटलं नाही.

आई गेली त्या दिवशी स्वयंपाकघरात तू म्हणाली होतीस, “शेवटचं वर्षभर ती मला तुझ्या नावानं हाक मारायची. मी ओ द्यायचे.” तू सहा वर्षं तिचं सगळं केलंस, आणि मी येऊन गेले दोनदा, तीन-तीन दिवस. आणि मी मामा-मामींसमोर तुला काय म्हणाले? “म्हणजे तू एका आजारी माणसाला वर्षभर फसवलंस. रुग्णाला वास्तवाचं भान देत राहायला हवं, एवढं साधंही तुला कळलं नाही?” तू हातातलं भांडं खाली ठेवलंस आणि म्हणालीस, “ऊठ. जा.”

फाइल नको आहे मला. ते निमित्त होतं.

धाकटी


८ मार्च

ताई,

मी सिस्टरची तक्रार केली.

आधी ऐकून घे. ड्रायव्हरकाका न्हाणीघरात पडले, कपाळाला सात टाके. ती देते त्या गोळ्या मी तपासून घेतल्या. रक्तदाबाच्या होत्या, मुदत कधीच संपलेली. कोणाला कुठली देते याला धरबंध नाही. उद्या कोणी दगावलं तर? मी अहवाल लिहिला, केंद्रात दिला, पुतण्याला बोलावलं. तो बिचारा हादरला. “आत्याला चार पावलं टाकता येत नाहीत, आणि ती जिने चढते?” म्हणत राहिला.

त्यानं तिचे बूट कपाटात ठेवून कुलूप लावलं. दिवसभरासाठी एक बाई ठेवली. बाहेरच्या दारालाही कुलूप. कातडी पिशवी तेवढी सापडली नाही.

इमारतीसाठी मी आमच्या योजनेतून दोन स्वयंसेवक मिळवले. शिकलेल्या, नम्र मुली. आठवड्यातून दोनदा येतात, प्रत्येकाला खऱ्या नावानं हाक मारतात, रक्तदाब मोजतात. कागदावर सगळं चोख आहे.

पहिल्या दिवशी त्यांच्यातली एक रडत खाली आली. तिनं कारकुनाला त्याच्या नावानं हाक मारली, तर तो म्हणाला, “ते इथे राहत नाहीत.”

धाकटी


२ एप्रिल

ताई,

अक्षर सांभाळून घे. हे मी इमारतीच्या पायरीवर बसून लिहिते आहे.

तीन आठवडे झाले म्हणून आज पुन्हा चौदावा प्रश्न विचारायला आले. स्वयंसेवक मुलींचं नाव येईल अशी अपेक्षा होती. विणकाम करणारी बाई म्हणाली, “सिस्टर येते ना.” मी म्हटलं, यायची. “येते,” ती म्हणाली. “कालच आली.” ड्रायव्हरकाका म्हणाले, काल आली. कोपऱ्यावरच्या आजीनं डोळ्यांनी हो म्हटलं. कारकून म्हणाला, “तुम्ही तिला बंद करून ठेवलंत म्हणे? मग नीट कुलूप लावा.”

मी धावत समोरच्या गल्लीत गेले. पुतण्याच्या घरी ठेवलेल्या बाईनं कुलूप काढलं. सिस्टर पलंगावर पडलेली होती, भिंतीकडे तोंड करून. बूट कपाटात. “तीन आठवडे उंबऱ्याबाहेर पाऊल नाही,” बाई शपथेवर म्हणाली. भिंतीवरच्या घड्याळात पावणेतीन झाले होते.

मी परत फिरले. जिन्यात शिरले तर वर कड्या सरकत होत्या.

मी पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर उभी राहिले. आणि खालून पावलं यायला लागली. टेक, घास. टेक, घास. जिला मी आत्ता पलंगावर पाहून आले होते, तिची चाल मला चांगली पाठ होती. तीच होती ती. मला खाली वाकून बघण्याचा धीर होईना. कठड्यावर आधी एक पांढरी बाही दिसली, मग ती कातडी पिशवी. ती वळणावर आली, माझ्यासमोर थांबली.

“आलीस धाकटे?”

आवाज तोच.

तिनं माझं मनगट धरलं, नाडी बघतात तसं. तेव्हा मला तिची बोटं कळली. बोटांची टोकं सुईनं टोचून टोचून खरखरीत झालेली होती. मी वर पाहिलं. तळमजल्यावरची शिवणकाम करणारी बाई! चादरीचं पांढरं कापड बेतून तिनं स्वतःच तसले कपडे शिवले होते.

“तुम्ही?”

ती जिन्यावर टेकली. मग तिच्या स्वतःच्या आवाजात बोलली, अगदी हळू. “कोणीतरी जायलाच हवं होतं. पहिल्या दिवशी तीन वाजता सगळे कड्या काढून बसले. चार वाजले, पाच वाजले. वरून कोपऱ्यावरच्या आजीच्या रडण्याचा आवाज येत होता. पिशवी माझ्याकडेच राहिली होती.”

“तुमच्याकडे? सिस्टर तर तुमच्याकडे येत नव्हती.”

“भेटायला नाही आली. रोज आधी माझ्या खोलीत यायची, मोरीत हात धुवायची, पिशवी घेऊन वर जायची आणि फेरी संपली की परत तिथेच ठेवून जायची. पूर्वी तिचा दवाखाना होता ना तिथे. मी टॉवेल धरून उभी राहायचे. दोन वर्षांत तिनं एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. तिच्या हिशेबी त्या खोलीत कोणी राहतच नव्हतं.”

“गोळ्या?” मी विचारलं.

“टाकून दिल्या. पाणी देते. बसते.”

“आणि पाय?”

“आधी मुद्दाम घासायचे, त्यांना आवाज ओळखीचा वाटावा म्हणून.” तिनं उजवा पाय पुढे केला आणि त्याच्याकडे परक्याच्या वस्तूकडे पाहावं तशी बघत राहिली. “आता सरळ टाकायला गेलं तरी घासतो.”

वर कोणी तरी खोकलं. ती उठली. “चार वर्षं मी फाटकापर्यंत गेले नाही, मॅडम. कोण म्हणून जायचं होतं?” आणि ती जिना चढायला लागली. पावलं पुन्हा सुरू झाली, आणि दारावर तीन टकटका पडल्या. आत जाताना तिचा आवाज बदललेला मी माझ्या कानांनी ऐकला.

ताई, मी घाबरले आहे, आणि कशाला घाबरले ते आता मला माहीत आहे. वर्षभर तू माझ्या नावाला ओ दिलीस. तुझ्या घरात तुझ्या स्वतःच्या नावानं हाक मारणारं तेव्हा कोण होतं? रात्री आई झोपल्यावर तू कोण असायचीस?

एक विचारायचं आहे. कधीच विचारलं नाही. आई मला काय म्हणायची? ते सगळं मला उद्देशून होतं आणि ऐकलंस फक्त तू. वाईट असलं तरी लिही.

धाकटी


१७ एप्रिल

ताई,

तुझं पत्र आलं. टाइप केलेल्या पत्त्याची अक्कल तूही चालवलीस, हे पाहून हसले आणि मग जिन्यातच बसून वाचलं.

इकडचं आधी सांगते. अहवालातला गोळ्यांचा भाग मी तसाच ठेवला, बाकी पुन्हा लिहिला. शिवणकाम करणाऱ्या बाई आता आमच्या योजनेत आहेत. प्रथमोपचार शिकल्या, आणि त्या मुलींच्या आधी त्यांची फेरी असते. नावांचं काय करायचं यावर समितीत तासभर वाद झाला. शेवटी मी म्हटलं, ज्याला जी हाक हवी तिला तो ओ देईल. आपण फक्त रोज जायचं. विणकाम करणारीला मात्र बाईंनी सांगितलं, “डोळे उघडलेस तरी मी हात धरीन.” परवा तिनं एक डोळा उघडला. किलकिला.

फेरी संपली की पुतण्याच्या परवानगीनं बाई समोरच्या गल्लीत सिस्टरकडे जातात. मी एकदा बरोबर गेले. टेक, घास ऐकून सिस्टर पलंगावर उठून बसली. दारातल्या पांढऱ्या कपड्यांकडे बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं, आता किंचाळेल. पण ती म्हणाली, “सिस्टर, माझं नाव आहे ना तुमच्या वहीत?” बाई म्हणाल्या, “पहिलंच आहे.” मग सिस्टरनं त्यांना जवळ बसवलं आणि विचारलं, “तुम्ही राहता कुठे?” दोन वर्षांत पहिल्यांदाच तिनं बाईंकडे पाहिलं होतं.

आता तुझं पत्र. तू लिहितेस की आई मला रागावली नाही, कधी आठवणीही काढल्या नाहीत. ती रोज संध्याकाळी तुझा हात धरून, तू म्हणजे मीच असं समजून, एकच बोलायची. “ताईकडे बघ गं. ती कोणाला सांगायची नाही, पण फार थकलीये. माझ्यामागे तिला कोण आहे?”

आणि तू, माझ्या जागी बसून, स्वतःबद्दलचं ते ऐकत, रोज म्हणायचीस, “मी आहे ना. मी बघेन.”

पुढे तू लिहिलंस, ‘तिला बरं वाटावं म्हणून म्हणायचे. तू मनावर घेऊ नकोस.’

मनावर घेतलं आहे. माझ्या नावानं वर्षभर दिलेला शब्द आहे तो, माझाच आहे. शुक्रवारी सकाळी पोहोचते. किती दिवसांसाठी ते ठरवलेलं नाही, ऑफिसात लांबची रजा टाकली आहे. माझ्यासाठी खोली आवरू नकोस, काही करून ठेवू नकोस. शेजाऱ्यांकडची किल्ली घेऊन दार मीच उघडेन.

तू झोप.

धाकटी